नेहमीपेक्षा कमी

प्रवासात मी पाणी पीत नाही. ही सवय शाळेच्या सहलींपासूनची, आणि ज्या बायकांनी आपल्याकडे एस.टी.ने लांबचा प्रवास केला आहे त्यांना तिचं कारण सांगायला नको. पुण्याहून खोपोलीमार्गे पेणला जातानाही बाटली पिशवीत होती. घाट उतरताना ओठ ओले करण्यापुरती काढली आणि परत ठेवली. एवढीशी गोष्ट, पण पुढची सगळी हकिगत त्या न प्यायलेल्या पाण्याभोवती फिरते, म्हणून आधीच सांगून टाकते.

मी मुळात कमी बोलते. घरच्यांनाही यातलं अर्धंच ठाऊक आहे. पेण-रोह्याला मुद्दाम बघायला कोणी जात नाही; लोक तिथून पुढे कुठेतरी जातात. मीही फिरायला गेले नव्हते, कामाला गेले होते.

पेण

एखादा आजार ओळखण्याची पद्धत कितपत बरोबर ठरते, कोणत्या रोग्याचं पुढे बिघडेल हे आधी सांगता येतं का, हे तपासणं माझं काम. मी डॉक्टर आहे, पण गेली कित्येक वर्षं रोग्यांपेक्षा त्यांची आकडेवारीच जास्त पाहिली. पावसाळ्यात या भागात लेप्टोचा ताप येतो. उंदीर-गुरांच्या मुतातून जंतू शेताच्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून अंगात शिरतात. बहुतेकांना गोळ्यांनी बरं वाटतं. थोड्यांची मात्र मूत्रपिंडं बंद पडतात, आणि त्यांना वेळेवर मोठ्या रुग्णालयात पोचवलं नाही तर माणूस जातो. तापाच्या प्रत्येक माणसाला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात धाडणं शक्य नसतं. मग कोणाला धाडायचं? त्यासाठी आम्ही पाच प्रश्न तयार केले होते. प्रत्येक उत्तराला गुण. तीन किंवा जास्त झाले तर पुढे पाठवा, कमी झाले तर गोळ्या देऊन घरी. शहरातल्या रुग्णालयात हे गणित सुरेख जमलं होतं. त्या पावसात पेण आणि रोहा तालुक्यांतल्या काही आरोग्य केंद्रांवर ते वापरून बघत होते आणि ते कसं चाललंय हे मी बघायला आले होते.

पेणला संध्याकाळ मोकळी होती. गणपतीच्या एका कारखान्यात डोकावले. पांढऱ्या मूर्तींच्या रांगा छतापर्यंत लागलेल्या, हवेत ओल्या मातीचा आणि रंगाचा वास. मी जरा जास्तच वेळ रेंगाळले असेन, कारण स्टुलावर बसलेले कारागीर हसून म्हणाले, "आता काय बघता ताई? डोळे आखले नाय अजून. तुमी त्यांना बघताय, ते तुमाला नाय बघत. उलटं झालं की या."

खानावळीत सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, घालून केलेलं वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती. आमच्या घरी बिरड्यात गुळाचा खडा पडतो आणि सोड्यांचं नाव काढायची सोय नाही. मी दोनदा मागून घेतलं. वाढणाऱ्या बाई खूश झाल्या, घरी न्यायला पोह्याच्या पापडांचं पुडकंही बांधून दिलं. त्या रात्री मला छान झोप लागली. ती आठवली की अजून लाज वाटते.

गडब

पेणहून वडखळ, मग महामार्गाने गडब. रस्त्याच्या कडेला टपऱ्या, मागे लगेच भातखाचरं. लावणी ऐन भरात होती. पूर्वी डोक्यावर पानांची इरली असायची म्हणतात. आता निळ्या-पिवळ्या प्लॅस्टिकच्या खोळी. दुरून बघितलं तर चिखलात रंगीत कागद उभे करून ठेवल्यासारखं दिसतं, मग एक कागद कमरेतून वाकतो तेव्हा कळतं की बाई आहे.

केंद्राचं नाव लिहीत नाही. चूक त्यांची नव्हती. तिथले डॉक्टर म्हात्रे माझ्याच वयाचे, शांत, दर वाक्याआधी चष्मा पुसणारे. सिस्टर प्रश्न विचारत होत्या, कंपाउंडर शेजारीच गोळ्या मोजत उभे होते, मी कोपऱ्यात बसून ऐकत होते.

मंजुळा सासूबरोबर आली. तिशीची असेल. पदराचं टोक पिळून खोचलेलं, पायांना चिखल तसाच. तीन दिवस ताप.

"पाण्यात, चिखलात उभं राहणं झालं?"

सासू हसली. "मग काय खाटंवर बसून लावतात? कायतरीच इचारता."

एक गुण.

"पोटऱ्या दुखतात? नेहमीपेक्षा जास्त?"

"लावनी हाय," मंजुळा म्हणाली. "सगल्यांच्याच दुखतात."

"म्हणजे नेहमीसारख्याच."

"व्हय."

डोळे लाल होते, पण ते चुलीच्या धुराने, असं सासूने परस्पर सांगितलं. उलट्या नव्हत्या. राहिला शेवटचा प्रश्न, ज्याला आमच्या गणितात एकट्यालाच दोन गुण होते.

"लघवी नेहमीपेक्षा कमी होते?"

मंजुळाने कंपाउंडरकडे बघितलं, मग जमिनीकडे. "नाय. हाय तशीच हाय."

एकूण एक. सिस्टरनी गोळ्या पुढे केल्या. डॉक्टर म्हात्रे चष्मा पुसत माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, हिला अलिबागला पाठवावी म्हणतो. चेहरा मला बरा नाही वाटत."

मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, "डॉक्टर, चेहऱ्याला गुण नाहीत. प्रत्येक वेळी आपण मनाचंच करायचं ठरवलं, तर ही पद्धत तपासणार कशी?"

ते चष्मा घालून टेबलाकडे परत गेले. सासूचा जीव भांड्यात पडला. त्यांच्याकडे लावणी पाळीने होते; आज सगळ्यांनी मिळून एकीचं शेत लावायचं, उद्या दुसरीचं. दुसऱ्या दिवशी यांची पाळी होती. "आपल्या पालीला आपलीच सून नाय म्हंजे बाया काय बोलतील?" ती मंजुळाला म्हणाली. "चल गो."

मंजुळा उठली. दारात तिने एकदा चौकट धरली. मी ते बघितलं.

रोहा

दुसऱ्या दिवशी सकाळी नागोठण्यावरून रोह्याला निघाले. भिसे खिंडीत ढग इतके खाली उतरले होते की चालकाने दिवे लावले. एरवी मी असल्या देखाव्याला मान वळवून वळवून बघते. त्या दिवशी डोळ्यांपुढे ती चौकट धरलेली बोटं येत होती. एक गुण, मी मनाशी म्हणत होते. एक म्हणजे धोका नाही. शंभरदा पडताळलेलं आहे. मग तिने चौकट का धरली?

रोह्याच्या स्टँडवर उतरताना चिखलात चप्पल रुतली आणि पट्टा तुटला. एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात पिशवी, अशी मी बायकांच्या मुतारीसमोर जाऊन उभी राहिले. दाराला कुलूप. किल्ली कंट्रोलरकडे, आणि कंट्रोलर चहाला. माझ्या आधी तिघीचौघी उभ्या होत्या. त्यांतली पुढची जवळच्या धाटावला कंपनीत पॅकिंगला जाणारी, डब्याची पिशवी खांद्याला. माझ्या अवताराकडे बघून म्हणाली, "पुन्याच्या का?"

"हो. कसं ओळखलं?"

"कुलपाकडं बघून राग आलाय तुमाला. आमाला नाय येत." बाकीच्या हसल्या. "वाटंत पानी प्यायलात ना? तिथंच चुकलं."

"नाही हो, मी पीतच नाही प्रवासात."

"मग आपल्यातल्याच!" ती म्हणाली. "मी पन शिफ्ट सुटंपर्यंत घोट घेत नाय. कंपनीत आडोसा तरी हाय. लावनीला जायची तवा तोपन नाय, चारी बाजूनं उघडं रान आन् बांधावं बापये. दिवस बुडंपर्यंत तोंडाला पानी लावायचं नाय, म्हंजे उठायला लागत नाय."

"आणि मग लघवी?"

"एकदा सकालच्याला, एकदा रात्रीची. ती पन कमीच. त्यात काय, नेहमीचंच हाय ते."

मागून कोणीतरी म्हणालं, "अगो, मास्तरनीला काय काय शिकवतेस?" पुन्हा हशा. मीही हसायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

ती मला नवीन काहीच सांगत नव्हती. तेच मी चाळीस वर्षं करत आले होते. आत्ता, या क्षणी, तुटकी चप्पल हातात घेऊन तेच करत होते.

आता जे सांगायचं ते हे. आमच्या प्रश्नांत आधी 'नेहमीपेक्षा' नव्हतं. 'कालपासून किती वेळा लघवी झाली?' असा साधा प्रश्न होता. पहिल्या चाचणीत पुरुषांनी उत्तरं दिली, बायकांच्या जागा कोऱ्या आल्या. पुरुष समोर असताना कोण सांगणार? कोऱ्या जागा फार झाल्या की गणित लंगडतं. त्या का कोऱ्या आहेत हे आमच्या गटात एकट्या मला कळत होतं, कारण गटात बाई मी एकटीच. मी गप्प राहिले. बैठकीत हा विषय काढायचा मला संकोच वाटला, आणि मुदत जवळ आली होती. मी प्रश्न बदलून 'नेहमीपेक्षा कमी होते का?' असा केला. बायकांनी बिनदिक्कत 'नाही' म्हटलं. रकाना भरला. निष्कर्ष सुबक आला. 'बायकांना हा प्रश्न समजतो का?' असं गटाच्या प्रमुखांनी विचारलं तेव्हा मी 'उत्तम समजतो' म्हणाले.

समजतच होता त्यांना. ज्या बाईचं नेहमीचंच कमी, तिने दुसरं काय सांगायचं?

डॉक्टर म्हात्र्यांचा फोन लागेना. लागला तेव्हा ते कुठल्याशा वाडीवर तपासणीला गेलेले, आवाज तुटत होता. मी ओरडून मंजुळाचं नाव सांगितलं. "गाडी घेऊन या! मी पोचतेय तिथे!" कंट्रोलर किल्ली घेऊन येत होता. पेणची गाडी लागली होती. मी धाटाववालीला म्हटलं, "तुम्ही जा आधी," आणि गाडीकडे धावले. ती मागून ओरडली, "ओ ताई, चप्पल!" आणि आपल्या पदराची सेफ्टीपिन काढून माझ्या हातात कोंबली.

परत गडब

त्या प्रवासातलं मला काही आठवत नाही, सेफ्टीपिनेने पट्टा लावताना बोट टोचलेलं सोडून. नागोठण्याला गाडी बंद पडली, म्हणून मिनीडोर, म्हणजे इकडची सहा आसनी रिक्षा, धरली. चालक माणसं भरल्याशिवाय सुटेना. सगळ्यांचं भाडं देते म्हटल्यावर त्याने मला नीट न्याहाळलं. "कोन आजारी हाय काय?" मी मान हलवली. मग तो एकट्या मला घेऊन निघाला.

केंद्रावरच्या वहीतून पत्ता घेतला; महामार्गापासून आत बांधावरून चालायचं होतं. खाचरात बायकांची रांग वाकलेली. मी एकेक पाठ बघत गेले. मंजुळाची सासू दिसली. शेजारची जागा रिकामी.

"मंजुळा कुठे आहे?"

सासू सावकाश सरळ झाली. "घरी. निजलीय. सकालपास्नं निजलीच हाय, हाक मारली त हूं करते नुसती." मग माझं तोंड बघून तिने हातातली रोपं तशीच पाण्यात सोडली. "काय झालं गो बाय? काय झालं?"

घरात मंजुळा भिंतीकडे तोंड करून पडली होती. पापण्या सुजलेल्या. दर थोड्या वेळाने उचकी. दारात तिचा दीर उभा होता; त्याला मी बाहेर घालवलं आणि तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

"मंजुळा, लघवीला शेवटची कधी गेली होतीस?"

तिने डोळे उघडले. दीर नाही हे बघून घेतलं. "दवाखान्यात आलते... त्याच्या आदल्या सांजंला."

"त्यानंतर?"

"नाय."

"आणि मग तू काल..."

"दिवसाची होतच नाय ना, बाई. रातची पन नाय झाली. मना वाटलं, पानी कमी प्यालंय."

सासूने कपाळावर हात मारून घेतला. "मना तरी सांगायचं गो!"

"तुमी काय केलं असतं, आय?" मंजुळा म्हणाली आणि उचकी आली.

बाहेर गाडी वाजली. डॉक्टर म्हात्रे आत आले, तिच्या पायाची सूज बोटाने दाबून बघितली आणि तिला उचलायला दिराला हाक मारली. 'मी म्हणालो होतो' एवढंही म्हणाले नाहीत. वडखळच्या फाट्याला अलिबागकडे वळताना त्यांनी फक्त स्वतःची पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. मी नको म्हटलं. ती पुढचा सगळा रस्ता त्यांच्या हातात होती.

अलिबाग

समुद्र मी पाहिला नाही. स्त्रियांच्या वॉर्डबाहेरचा बाक पाहिला. मंजुळाचं रक्त डायलिसिसच्या यंत्रावर धुतलं, मग पुन्हा धुतलं. आता मूत्रपिंडं स्वतःहून कामाला लागतात का, याची वाट बघायची होती. लागतील की नाही हे सांगणारं एक गणित मला पाठ होतं. सासू विचारायची, "वाचंल ना गो?" तेव्हा ते मी एकदाही वापरलं नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणायचे.

खाटेला लघवीची पिशवी टांगली होती. सासू तिच्यासमोर उकिडवी बसून राही, बाजारात माशांच्या पाटीपुढे बसावं तशी, नजर न हलवता. शेजारच्या खाटेवरची म्हातारी चेष्टा करायची: "काय गो, दूध तापत ठेवलंयस काय?" सासू म्हणायची, "उतू जाऊ दे एकदा, तुला पयला पेला." वॉर्डभर हसू. पिशवी कोरडीच.

बाकावर बसून मी प्रमुखांना फोन केला. प्रश्न आजपासून बंद करा, म्हटलं. एका रोग्यावरून बंद करायचं? त्यांनी विचारलं, आधार काय? मी कोऱ्या जागांचं सांगितलं. त्या का कोऱ्या होत्या, हे मला तेव्हाच ठाऊक होतं, हेही सांगितलं. मग ते म्हणाले, "हे लेखी द्याल?" मी हो म्हणाले. मला वाटलं होतं, सांगून टाकल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. आत जाऊन सासूशेजारी पिशवीकडे बघत बसले.

सकाळचा चहा वाटत होते. सासूचा आवाज आला, किंकाळीसारखाच. मी धावले. ती पिशवीकडे बोट दाखवत होती. नळीतून पिवळट थेंब उतरत होते. एक, थांबून दुसरा.

"आली गो! आली!"

वॉर्डातल्या चालू शकणाऱ्या सगळ्या बायका जमा झाल्या. म्हातारीने खाटेवरूनच हात जोडले. ज्या गोष्टीचं नाव काढायला आम्हा सगळ्यांची जीभ अडखळायची, ती भर सकाळी, दारात वॉर्डबॉय उभा असताना, मोठमोठ्याने बोलली जात होती. किती आली, कशी आली, रंग कसा. मंजुळा लाजून पांघरुणात तोंड लपवत होती. लाजण्याइतकी शुद्धीवर आलेली बघून मी बाहेर गेले आणि भिंतीला टेकून रडले.

निघताना

दरम्यान डॉक्टर म्हात्रे आणि बाकीच्या केंद्रांवरचे लोक, कमी गुण घेऊन घरी गेलेल्या सगळ्या बायकांच्या मागे फिरले. बहुतेकजणी बऱ्या होत्या, शेतात होत्या, दोघींना पुढे पाठवावं लागलं. रोह्याकडची एक मात्र सापडली नाही. दाराला कुलूप, शेजारी म्हणाले माहेरी गेली असेल. माहेर कुठलं, कोणाला सांगता येईना.

मंजुळा घरी आली त्यानंतर, पुण्याला परतण्याआधी, मी गडबला उतरले. खाचरं आता नुसती हिरवी. सासूने ओटीवर बसवलं, पायलीभर कडवे वाल पदरात घातले आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. मी सवयीने घोट घेऊन तो खाली ठेवला.

"बाकीच्या बायांना इचारलंस का गो?" तिने विचारलं.

"विचारलं. एक सापडली नाही."

"मंजी?"

"माहेरी गेलीय म्हणतात. पत्ता नाही."

सासूने तांब्या परत माझ्याकडे सरकवला. "आन् तू घरी चाललीस?"

आत मंजुळा भांडी लावत होती. तो आवाज थांबला.

मी तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत प्यायले. मग महामार्गावर आले आणि पुण्याच्या नव्हे, रोह्याच्या बाजूला तोंड करून उभी राहिले.

त्या वेळी आठवडाभर फिरले. त्यानंतरही दोनदा जाऊन आले. धाटाववाली कंपनीतल्या बायकांकडे चौकशी करते आहे, तिचा मधूनमधून फोन येतो. हे लिहीपर्यंत तरी ती बाई सापडलेली नाही. प्रमुखांना दिलेल्या कागदात तिच्या नावापुढची जागा मी कोरी ठेवली आहे.